अर्थसंकल्प आखणाऱ्यांस खुले पत्र : तुटीच्या आकड्याशेजारी बेरोजगारीचा आकडा छापा

माननीय अर्थमंत्री आणि अर्थखात्यातील सर्व अधिकारी,

सविनय नमस्कार.

हे पत्र कोण्या एका देशाच्या अर्थमंत्र्यांना नाही. जिथे जिथे दरवर्षी सरकारचा जमाखर्च विधिमंडळापुढे मांडला जातो, तिथल्या अर्थमंत्र्यांना आणि त्यांच्यासाठी आठवडेच्या आठवडे आकड्यांशी झुंजणाऱ्या अधिकाऱ्यांना ते लिहिले आहे. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. अर्थसंकल्पाच्या पहिल्या काही पानांत आपण तुटीचा आकडा ठळकपणे छापता. त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत, आणखी दोन आकडे छापा : या अर्थसंकल्पामुळे देशाचे उत्पादन किती वाढेल किंवा घटेल असा आपला अंदाज आहे, आणि त्यापायी किती माणसांना काम मिळेल किंवा किती माणसांचे जाईल. हे अंदाज काढताना गुणक, म्हणजे सरकारचा खर्च एकाने बदलला की देशाचे उत्पादन कितीने बदलते ते प्रमाण, किती धरला, तेही तळटीपेत लपवू नका.

मी अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. तूट किती टक्के आहे हे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पण ती तूट कमी करताना किती लोकांचे काम गेले असे विचारले की वर्ग गप्प होतो. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, कारण तो आकडा अर्थसंकल्पात सहसा छापलेलाच नसतो. जो आकडा छापलेला असतो त्यावर चर्चा झडतात, मथळे येतात, पतमापन संस्था शेरे देतात. जो छापला जात नाही, त्याची किंमत नोकरी गेलेला माणूस आपल्या घरात बसून मोजत राहतो, आणि ती सरकारच्या एखाद्या निर्णयाची किंमत आहे हे त्यालाही कळत नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण अर्थसंकल्पाच्या चर्चेत हटकून ऐकू येते. घरासाठी ती खरी आहे, कारण घराने खर्च कमी केला म्हणून घरातल्या कमावत्या माणसाचा पगार कमी होत नाही. सरकारचे तसे नाही. सरकारचा प्रत्येक खर्च म्हणजे कोणाचा तरी पगार, कोणाचे तरी देयक, कोणाचे तरी निवृत्तिवेतन असते. ज्याच्या हाती ते पैसे पडतात तो त्यातून कर भरतो आणि उरलेल्यातून दुसऱ्या कोणाची तरी मिळकत उभी करतो. मंदीत कारखानदार आणि कुटुंबे आधीच हात आखडून बसलेली असताना सरकारनेही पाय आखडले, तर अंथरूणच आखूड होत जाते. ते किती आखूड होते, यावर सारे अवलंबून आहे, आणि ते समजायला थोडा हिशेब करावा लागतो.

एक काल्पनिक देश घेऊ. त्याचे वार्षिक उत्पादन १०,००० आहे आणि सरकारवरचे कर्जही १०,००० आहे. म्हणजे कर्जाचे उत्पादनाशी प्रमाण बरोबर १०० टक्के. या देशात प्रत्येक १०० च्या मिळकतीतून २० करापोटी सरकारकडे जातात, १० शिल्लक टाकले जातात, २० परदेशी वस्तूंवर जातात आणि ५० देशातच खर्च होतात. आता सरकारने कर्ज कमी करायचे म्हणून खर्चाला १०० ची कात्री लावली. पहिल्या फेरीत कोणाची तरी १०० ची मिळकत बुडते. तो देशातला आपला खर्च ५० ने कमी करतो, ती दुसऱ्याची बुडालेली मिळकत; तो २५ ने कमी करतो, तिसरा साडेबाराने, आणि अशा फेऱ्या विरत विरत एकूण मिळकत २०० ने घटते. उत्पादन ९,८०० वर येते. करांतून येणारे ४० बुडाल्यामुळे १०० ची बचत प्रत्यक्षात ६० चीच ठरते आणि कर्ज ९,९४० वर थांबते. आता प्रमाण काढून पाहा : १०१ टक्क्यांहून अधिक. कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी केलेल्या कपातीने बोजा वाढवला.

हाच हिशेब दुसऱ्या परिस्थितीत करून पाहू. देशात तेजी आहे, कारखाने पूर्ण क्षमतेने चालले आहेत, मध्यवर्ती बँकेला व्याजदर उतरवायला भरपूर वाव आहे. सरकारने १०० ची कपात केली, बँकेने व्याजदर खाली आणला, खासगी गुंतवणूक वाढली आणि एकूण उत्पादन फक्त ५० ने घटले. कर १० ने बुडाला, म्हणजे ९० ची बचत झाली. ९,९१० भागिले ९,९५० : प्रमाण ९९.६ टक्क्यांवर उतरले. तोच देश, तेच १०० आणि तीच कात्री असूनही निकाल उलटा आला. पहिल्या वेळी गुणक २ होता, दुसऱ्या वेळी अर्धा. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये गुणकाची ही कल्पना रोजगाराच्या संदर्भात मांडली आणि १९३६ मध्ये त्यांचे सहकारी जॉन मेनार्ड केन्स यांनी तिला आपल्या सिद्धांताचा कणा बनवले. तिला आता नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही आपण कोणता गुणक धरून कपात करत आहोत, हे किती अर्थमंत्री विधिमंडळाला सांगतात?

न सांगितल्याने काय होते, ते ग्रीसने पाहिले. मे २०१० मध्ये युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ग्रीसला ११० अब्ज युरोचे कर्ज देऊ केले आणि बदल्यात कठोर कपात व करवाढ मागितली. २००९ ते २०१२ या काळात उत्पादन साडेपाच टक्क्यांनी घटेल, असे तेव्हाच्या आराखड्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ते १७ टक्क्यांनी घटले. २०१२ मध्ये बेरोजगारी १५ टक्के असेल असा अंदाज होता. ती २५ टक्के निघाली. हे आकडे कोण्या विरोधकाचे नाहीत. नाणेनिधीने स्वतःच २०१३ मध्ये केलेल्या परीक्षणात ते मान्य केले आहेत. त्याआधी २०१२ मध्ये निधीचे तेव्हाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हिये ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनिएल ली यांनी अनेक देशांचे अंदाज तपासून असे दाखवले की, अंदाज बांधताना गुणक अर्ध्याच्या आसपास धरला गेला होता आणि संकटाच्या काळात तो प्रत्यक्षात ०.९ ते १.७ च्या दरम्यान असावा. कागदावरच्या एका दशांश चिन्हाच्या मागेपुढे इतकी माणसे होती. २०१३ मध्ये ग्रीसमधल्या काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते, आणि कर्जाचे प्रमाण काही खाली आले नव्हते.

निधीने चूक कबूल केली याचा मला आदरच वाटतो. पण ती सापडली कशामुळे? अंदाज लिहून ठेवले होते, म्हणून ते तपासता आले. आपल्या अर्थसंकल्पात जर असा अंदाजच नसेल, तर उद्या आपली चूक आपल्याला कशी सापडणार?

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते हलके नाहीत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा की, सरकारने आज कर्ज काढून खर्च केला तर उद्या कर वाढणार हे लोक ओळखतात, आजच शिल्लक टाकू लागतात, आणि सरकारच्या खर्चाचा परिणाम पुसला जातो. ज्यांच्याकडे शिल्लक टाकण्याइतके उत्पन्न आहे, त्यांच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण ज्याचा पगार महिना संपण्याआधी संपतो, तो दहा वर्षांनंतरच्या कराची तरतूद आज करत नाही, आणि मंदीत अशाच माणसांची संख्या वाढते. दुसरा आक्षेप असा की, सरकारी कर्जामुळे व्याजदर चढतात आणि खासगी गुंतवणूक बाहेर ढकलली जाते. तेजीत हे खरे ठरते. व्याजदर शून्याला टेकलेले असताना आणि बँकांकडे पैसा पडून असताना फारसे ठरत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : ज्या देशाची अर्थव्यवस्था छोटी आणि आयातीवर अवलंबून आहे, किंवा ज्याच्या कर्जरोख्यांवर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही, तिथे खर्च वाढवूनही देशातल्या रोजगाराला फार थोडा हातभार लागतो. हे मान्य आहे. मंदीत गुणक मोठा असतोच का, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. काहींना तो दीडच्या पुढे आढळतो, तर काहींना बहुतेक काळ एकच्या खालीच दिसतो. पण या प्रत्येक आक्षेपाचा अर्थ एवढाच की गुणक देशागणिक आणि काळागणिक बदलतो. म्हणूनच तर आपण कोणता धरला हे सांगायला हवे.

कात्री कुठे लावली जाते, हाही या हिशेबाचाच भाग आहे. पगार आणि निवृत्तिवेतन थांबवले तर लोक रस्त्यावर येतात; व्याज थांबवले तर बाजार कोसळतो. चालू बांधकाम थांबवले तर लगेच कोणी ओरडत नाही, म्हणून तूट दाबण्याची वेळ आली की बहुधा पहिला बळी भांडवली खर्चाचा जातो. थांबलेला पूल जवळून पाहिला आहे का? खांब उभे असतात, वरचा स्लॅब पडलेला नसतो, खांबांच्या माथ्यातून सळया मोकळ्या आकाशात बाहेर आलेल्या असतात. दोन देयके थकली की ठेकेदार आधी क्रेन परत पाठवतो, कारण तिचे भाडे दिवसागणिक चढत असते. मग शटरिंगच्या पाट्या उतरवून दुसऱ्या कामावर जातात. मुकादम मजुरांचा हिशेब चुकता करतो आणि टोळी पांगते. सळया बांधणारे एकीकडे, वेल्डर दुसरीकडे. दोन पावसाळ्यांत सळयांना गंज धरतो. तीन वर्षांनी निधी मंजूर झाला तरी काम तिथूनच पुढे सुरू होत नाही : गंजलेल्या सळया घासाव्या किंवा कापाव्या लागतात, खांबांची पुन्हा तपासणी करावी लागते, फेरनिविदा काढावी लागते, दर नव्याने ठरतात. त्या वर्षाच्या तुटीत जी बचत दिसली, तिच्याहून अधिक रक्कम पुढच्या वर्षांच्या खर्चात जाते, आणि मधली तीन वर्षे नदीच्या अलीकडचा माल पलीकडे लांबच्या वळणाने जात राहतो. अर्थसंकल्पात मात्र पहिल्या वर्षीची बचत तेवढी नोंदली जाते.

ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१० मध्ये आपण धरलेले गुणक प्रसिद्ध केले होते : भांडवली खर्चाला १, खात्यांच्या चालू खर्चाला ०.६ आणि व्हॅटमधल्या बदलाला ०.३५. हे आकडे खालचे होते की नव्हते यावर वाद घालता येईल, आणि ते छापले होते म्हणूनच घालता येतो. पण त्यांतला क्रम पाहा. उत्पादनाला सर्वाधिक मार बसतो तो भांडवली खर्च कापल्याने, आणि सर्वांत सहजपणे कापला जातो तोही तोच.

पांगलेल्या टोळीतल्या त्या वेल्डरचे पुढे काय होते, हे मला तुटीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. पहिले सहा महिने तो रोज काम शोधतो. वर्षभराने हाताची सफाई कमी झालेली असते आणि अवजारे विकलेली असतात. दोन वर्षांनी काम मागायला गेला की पहिला प्रश्न येतो, ‘मधल्या काळात काय करत होता?’, आणि त्याचे उत्तर ऐकून ठेकेदार दुसऱ्या माणसाला बोलावतो. मंदी सरते, पण तो माणूस परत कामावर येत नाही. ब्लांशार आणि लॉरेन्स समर्स यांनी १९८६ मध्ये युरोपातील बेरोजगारीचा अभ्यास करताना हीच गोष्ट मांडली : बेरोजगारी दीर्घकाळ रेंगाळली की तीच नवी सामान्य पातळी होऊन बसते. पदार्थविज्ञानातला हिस्टेरेसिस हा शब्द त्यांनी त्यासाठी उचलला. भार काढून घेतल्यावरही वाकलेली वस्तू पूर्वस्थितीला येत नाही, असा त्याचा साधा अर्थ. तसे झाले तर मंदीतल्या कपातीची किंमत त्या एका वर्षापुरती राहत नाही. देशाची उत्पादनक्षमताच खाली सरकते, आणि तिच्याबरोबर पुढच्या प्रत्येक वर्षाचा करही.

वेळ चुकली की काय होते, याचे आणखी एक उदाहरण जुने आहे, पण ते सोडवत नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये बेरोजगारी २५ टक्क्यांच्या घरात होती. त्यानंतर चार वर्षे ती उतरत गेली, तेव्हा १९३७ मध्ये रूझवेल्ट सरकारने आता ताळेबंद जुळवायला हरकत नाही असे ठरवून खर्च कमी केला. त्याच वर्षी सामाजिक सुरक्षेचा नवा करही पगारांतून कापला जाऊ लागला आणि मध्यवर्ती बँकेनेही पतपुरवठा आवळला. १४ टक्क्यांवर आलेली बेरोजगारी १९३८ मध्ये पुन्हा १९ टक्क्यांवर गेली. दोष एकट्या अर्थसंकल्पाचा नव्हता, परंतु सारे ब्रेक एकाच वेळी दाबले गेले होते.

याच्या उलट, जपानचे अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी डिसेंबर १९३१ मध्ये सूत्रे हाती घेताच येनची सोन्याशी असलेली सांगड तोडली आणि कर्जरोखे काढून खर्च वाढवला. इतर देश मंदीत रुतलेले असताना जपानचे उत्पादन सावरले. आणि ते सावरल्यावर याच ताकाहाशींनी खर्चाला, विशेषतः लष्कराच्या खर्चाला, लगाम घालायला सुरुवात केली. २६ फेब्रुवारी १९३६ रोजी बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली. मंदीत हात सैल सोडणे आणि तेजीत तो आवळणे, ही दोन्ही कामे ज्या थोड्या अर्थमंत्र्यांनी केली त्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते, आणि दुसरे काम किती कठीण असते हे त्यांच्या मृत्यूइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

हे दुसरे काम मी विसरलेलो नाही. खर्च वाढवा असा सरसकट सल्ला देण्यासाठी हे पत्र नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील बेरोजगारी १४.८ टक्क्यांवर गेली होती. सरकारने कोट्यवधी कुटुंबांच्या हाती थेट पैसे दिले आणि २०२१ संपता संपता ती ४ टक्क्यांच्या खाली आली. २००९ नंतर हाच उतार उतरायला कितीतरी अधिक वर्षे लागली होती. परंतु मार्च २०२१ मध्ये, अर्थव्यवस्था उभारी धरत असताना, १.९ लाख कोटी डॉलरचा आणखी एक हप्ता मंजूर झाला, आणि जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोहोचली. पुरवठा तुटलेला होता, युक्रेनमधल्या युद्धाने इंधन महागले होते, हे सारे खरे. तरी मागणी गरजेपेक्षा जास्त फुगवली गेली, हेही माझ्या मते खरे आहे. महागाईची झळ ज्यांचा पगार बांधलेला आहे त्यांनाच आधी बसते. उत्पादन आणि रोजगाराचा अंदाज पहिल्या पानावर असता, तर रिकामी क्षमता किती उरली आहे आणि आपण तीत किती ओतत आहोत, हा प्रश्न तिथेही वेळेवर आणि उघडपणे विचारला गेला असता.

अंदाज काढणे अवघड आहे, असे आपण म्हणाल. आहेच. पण ते अशक्य नाही, कारण ते केले गेले आहे. २००९ मध्ये अमेरिकेने ७८७ अब्ज डॉलरची योजना आखली, तेव्हा तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने तिचा उत्पादनावर आणि रोजगारावर काय परिणाम होत आहे याचे अंदाज वेळोवेळी प्रसिद्ध केले, आणि एकच आकडा ठोकून न देता किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा दिल्या. साधनेही हाताशी आहेत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आर्थर ओकन यांनी १९६२ मध्ये उत्पादन आणि बेरोजगारी यांचा संबंध मांडला. पुढच्या काळातल्या अमेरिकी आकड्यांवरून ढोबळमानाने असे म्हटले जाते की उत्पादन २ टक्क्यांनी घटले की बेरोजगारी सुमारे १ टक्क्याने वाढते. प्रत्येक देशाने हे प्रमाण आपल्यापुरते काढावे लागते, कारण कायदे आणि कामाच्या पद्धती वेगळ्या असतात. २००९ मध्ये जर्मनीचे उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तरी बेरोजगारी जेमतेम हलली. कारण कंपन्यांनी माणसे न काढता कामाचे तास कमी केले आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी व्यवस्थेने भरून दिला. वर आपण पाहिलेल्या काल्पनिक देशात उत्पादन २ टक्क्यांनीच घटले होते. तिथली श्रमशक्ती १ कोटी असेल आणि ओकन यांचे प्रमाण लागू पडत असेल, तर १०० च्या त्या कपातीचा अर्थ साधारण १ लाख माणसे असा होतो. हा आकडा डोळ्यांसमोर असताना विधिमंडळाने कपातीला मंजुरी दिली, तर ती निदान समजून उमजून दिलेली असेल.

अंदाज चुकला तर विरोधक तुटून पडतील, ही भीती मी समजू शकतो. पण तुटीचा अंदाजही अनेक वर्षी चुकतो, आपण सुधारित आकडा देता, आणि कारभार चालू राहतो. तसेच इथे करा. पानावर तीन रकाने ठेवा : पहिल्यात येत्या वर्षी उत्पादन आणि रोजगार यांवर होणारा परिणाम, किमान आणि कमाल, दुसऱ्यात त्यासाठी धरलेले गुणक, भांडवली खर्च, चालू खर्च आणि करबदल यांचे वेगवेगळे, तिसऱ्यात गेल्या वर्षी दिलेला अंदाज आणि त्याच्यासमोर प्रत्यक्षात काय घडले. कपात करायचीच असेल तर ती कोणत्या चालू बांधकामांवर पडणार आहे आणि ती पुन्हा सुरू करायला किती खर्च येईल, याची यादी परिशिष्टात द्या. पुढच्या अर्थसंकल्पाची पाने छपाईला जाण्याआधी त्यांत या रकान्यांसाठी जागा राखून ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक